गाण्यांचा हजेरीपट



या व्यासपीठावर आजवर पंडित बोलले, प्राध्यापक बोलले. मी आठवीनंतर शाळा सोडलेला माणूस. जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, लोकलच्या डब्यात आणि कारखान्याच्या फाटकावर. गाता मला येत नाही. घोषणा देऊन देऊन गळा कामातून गेला आहे. असे असूनही चालकांनी मला गाण्यांवर बोलायला सांगितले, आणि मी हो म्हटले. त्याला कारण आहे, ते शेवटी सांगेन.

विषय असा, की लोकांच्या तोंडी ज्या काळात जी गाणी होती, त्या गाण्यांवरून तो काळ वाचता येतो काय? अमेरिकेत हा उद्योग मोठ्या हौसेने चालतो, कारण तेथे गाण्यांच्या याद्या जपून ठेवलेल्या आहेत. 'बिलबोर्ड' नावाच्या नियतकालिकाने १९४० पासून सर्वाधिक खपाच्या तबकड्यांची देशव्यापी यादी छापायला सुरुवात केली. ४ ऑगस्ट १९५८ पासून तिला शंभर गाण्यांचे रूप आले. दुकानातला खप आणि रेडिओवरची वाजवणी यांचा हिशेब करून दर आठवड्याला क्रमांक लावायचे, अशी तेव्हाची रीत.

आपल्याकडे अशी यादी आली ती परदेशातून, हे ऐकून तरुण मंडळींना नवल वाटेल. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कडवे अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते काय करणार? त्यांनी काटा फिरवला आणि सिलोन लावले. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि अमीन सयानींचा आवाज चाळीचाळींतून घुमू लागला. तबकड्यांचा खप आणि श्रोतेसंघांची पत्रे यांवरून क्रमांक ठरत. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, 'विविध भारती' सुरू करून सरकारनेही मान तुकवली. लोकांना हवे असलेले गाणे हुकमाने बंद होत नाही, हा या कथेचा पहिला धडा.

आता यादी म्हणजे काय, ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. यादी म्हणजे हजेरीपट, ज्याला आपण मस्टर म्हणतो. वालीव, गोखिवरे, सातिवली येथल्या गाळ्यांतून मी हिंडतो. मस्टरवर दहा नावे असतात आणि यंत्रांवर माणसे उभी असतात चाळीस. उरलेली तीस ठेकेदाराची. मस्टर खोटे असते असे नाही. दहाजण हजर असतातच. पण त्या मस्टरवरून कारखान्यात काम कोण करतो हे ठरवाल, तर फसाल. गाण्यांच्या यादीचेही तसेच आहे. तिच्यात आहे ते खरे आहे, पण ते सगळे नाही.

एकच हिवाळा घेऊ, १९५५-५६ चा. नोव्हेंबर १९५५ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली टेनेसी अर्नी फोर्ड या गायकाची 'सिक्स्टीन टन्स' ही तबकडी, आणि नवे वर्ष उजाडेपर्यंत ती तेथून हलली नाही. हे गाणे कोळसा खाणीतल्या मजुराचे. केंटकीतल्या एका खाणकामगाराचा मुलगा मर्ल ट्रॅव्हिस याने ते १९४६ मध्येच ध्वनिमुद्रित केले होते. तेथल्या कित्येक खाणमालकांनी एक युक्ती काढली होती. पगार नाण्यांत न देता कंपनीच्या बिल्ल्यांत द्यायचा. ते बिल्ले चालायचे फक्त कंपनीच्याच दुकानात. मजूर जितका राबे, तितके त्या दुकानाचे देणे वाढे. वाण्याच्या वहीत ज्यांच्या बापाचे नाव असे, त्यांना हे गाणे समजायला इंग्रजी यावे लागत नाही.

ही तबकडी घरोघर वाजत असताना अमेरिकेत काय चालले होते? १ डिसेंबरला माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईंनी बसमधली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली. त्यांना जामिनावर सोडवायला धावले ते इ. डी. निक्सन, रेल्वेच्या शयनयान-हमालांच्या युनियनचे कार्यकर्ते. पुढे ३८१ दिवस कृष्णवर्णीयांनी बसवर पाय ठेवला नाही. ५ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये दोन मोठ्या कामगार महासंघांचे विलीनीकरण होऊन सुमारे दीड कोटी सभासदांची एक संघटना उभी राहिली. यादीवरचे गाणे आणि रस्त्यावरचा इतिहास त्या महिन्यात हातात हात घालून चालले होते.

आणि आपल्याकडे? १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला 'गीतरामायण' चालू होते. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांचे स्वर, एकूण ५६ गीते. रेडिओपुढे लोक हात जोडून बसत, असे जुनी माणसे सांगतात. त्याच दिवसांत, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळीबार झाला. त्या लढ्याचे १०६ हुतात्मे आपण मानतो, आणि त्यांत गिरण्यांतले कामगार होते.

१९५६ च्या गीतमालेच्या वार्षिक यादीत पहिले आले 'सी. आय. डी.' चित्रपटातले गाणे. या मुंबईत जगणे किती अवघड आहे, हे थट्टेच्या सुरात सांगणारे. त्यात ट्राम आहे, मोटार आहे आणि गिरणीही आहे. लिहिणारे मजरूह सुलतानपुरी. सरकारवर टीका करणाऱ्या कवितेपायी हे गृहस्थ तुरुंगात जाऊन आलेले. म्हणजे ज्या वर्षी मुंबईच्या रस्त्यावर रक्त सांडले, त्या वर्षीचे सर्वांत लाडके गाणे मुंबईच्या जिण्याविषयीच होते. पण गोळी त्यात नाही.

गोळीचा काळ दुसऱ्या गाण्यात आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंनी मैनेची छक्कड रचली. गावी राहिलेली बायको आणि मुंबईत आलेला मजूर, एवढीच वरवरची गोष्ट. पण शेवटाला येताना ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख होते. त्यात बेळगाव-कारवारबरोबर आपल्या शेजारच्या उंबरगावचेही नाव आहे. तेव्हा उंबरगाव आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, १९६० मध्ये ते गुजरातेत गेले. ही छक्कड हजारो माणसांनी मैदानात ऐकली, डफावर म्हटली. हिंदी चित्रपटगीतांच्या यादीत तिला जागा असणेच शक्य नव्हते. ती मस्टरबाहेरची कामगार.

कधीकधी मात्र बाहेरची कामगार मस्टरवर चढते. १९५७ मध्ये हॅरी बेलाफाँटे यांचे केळीवाल्यांचे गाणे अमेरिकेच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. मूळ गाणे जमैकातल्या हमालांचे. रात्रभर बोटीत केळीचे घड चढवायचे आणि पहाट झाली की मोजणी करणाऱ्या कारकुनाला हाक मारायची, की बाबा, माल मोज आणि मला घरी जाऊ दे. वसईकरांनो, केळी आणि पहाट यांचे नाते तुम्हाला मी काय सांगू! येथल्या राजेळीची सुकेळी ज्यांनी उन्हात वाळवली, ज्यांनी पाट्या डोक्यावर घेऊन मुंबईची गाडी गाठली, त्यांचेही काही गाणे असेलच. ते कोणी तबकडीवर घेतले काय? जमैकाच्या हमालाला बेलाफाँटे भेटला. आपल्या पाटीवालीला कोण भेटले?

यादीची निंदाच करतो असे समजू नका. यादी आपल्या खोट्या आठवणीही दुरुस्त करते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेतला सगळा तरुण युद्धाविरुद्ध गात होता, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मार्च १९६६ मध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होते बॅरी सॅडलर या सैनिकाचे, खास पथकातल्या जवानांचे गुणगान करणारे गाणे. आपल्याला गैरसोयीचे असले तरी ते मान्य केले पाहिजे. कार्यकर्त्याने आपल्या बाजूचेच पुरावे गोळा करू नयेत.

आणि आपली यादी नेहमीच मुकी होती असेही नाही. १९७२ पासून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. ८ मे १९७४ रोजी देशभरचा रेल्वे संप झाला, तो वीस दिवस चालला. आणि १९७५ च्या गीतमालेत पहिले आले 'रोटी कपडा और मकान'मधली महागाईची कव्वाली. त्याच वर्षी २५ जूनला आणीबाणी आली.

गाण्याचा खप आणि गाण्याचे आयुष्य या वेगळ्या गोष्टी आहेत. १९४५-४६ मध्ये चार्ल्स्टन येथील तंबाखू कारखान्यातल्या संपकरी कामगारांनी, त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय बायका होत्या, एक जुने प्रार्थनागीत फाटकावर म्हटले. ते कामगार शिबिरांतून फिरले, पीट सीगरने उचलले, आणि नागरी हक्कांच्या लढ्याचे गाणे झाले. 'वुई शॅल ओव्हरकम' ते हेच. जोन बाएझने गायलेली त्याची तबकडी १९६३ मध्ये यादीत जेमतेम नव्वदाव्या क्रमांकावर पोचली. पण गिरिजाकुमार माथुर यांच्या हिंदी रूपाने तेच गाणे आपल्या शाळाशाळांत पोचले. त्या आठवड्यातली पहिली दहा गाणी आज आपल्यापैकी कितीजणांना म्हणता येतील?

आता माझे कारण सांगतो.

फेब्रुवारी १९८१ मध्ये डॉली पार्टनचे कचेरीत राबणाऱ्या बायकांचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथल्या सरकारने अकरा हजारांवर संपकरी विमान-नियंत्रकांना एका फटक्यात कामावरून काढले. कामगाराचे गाणे आवडते म्हणून कामगार आवडतो असे नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. माझे वडील एका गिरणीत बदली कामगार होते. मी तेव्हा अकरा वर्षांचा. उन्हाळा सरता सरता घरातली भांडी गेली, आणि एके दिवशी वडील ट्रान्झिस्टर पिशवीत घालून निघाले. बुधवार होता. मी म्हटले, "बाबा, उद्या न्या ना, आज गीतमाला आहे." ते काही बोलले नाहीत. दारात थोडे थांबले, आणि गेले.

त्यामुळे १९८२ ची यादी आमच्या घरात वाजलीच नाही. मोठेपणी मी ती शोधून काढली. त्या वर्षी पहिले आले होते 'खुद्दार'मधले गाणे, प्रेमाची कबुली कोणत्या भाषेत कशी देतात ते सांगणारे. खुद्दार म्हणजे स्वाभिमानी. अडीच लाख खुद्दार माणसे घरी बसली होती, त्यांच्याविषयी त्या गाण्यात अक्षर नाही. त्याबद्दल गाण्यावर माझा राग नाही. त्याचे ते कामच नव्हते.

पण त्या वर्षी आमच्या चाळीत गाणे होते. आई आणि शेजारच्या बायका मजुरीवर पापड लाटत, आणि लाटता लाटता जुन्या ओवीच्या चालीत नवे शब्द घालत. रेशनच्या रांगेवर, शाळेच्या राहिलेल्या फीवर, घरी बसलेल्या नवऱ्यावर. हसत, आणि मध्येच गप्प होत. पुढे खोली विकून आम्ही नालासोपाऱ्यात आलो, तशा त्या बायकाही पांगल्या. मी पुढे युनियनचे काम केले, मागणीपत्रे लिहिली, करार लिहिले, सभांची इतिवृत्ते लिहिली. आईच्या त्या ओव्या मात्र लिहून घेतल्या नाहीत. आई गेली. चाल मला आठवते, शब्द निम्मेही आठवत नाहीत. सिलोनची यादी मला चाळीस वर्षांनी मिळाली. ही मला आता कोठेच मिळणार नाही.

म्हणून आपल्याकडे एक मागणी ठेवतो. घरी गेल्यावर आपल्या आजीला, आत्याला, निवृत्त काकांना विचारा, की राबताना तुम्ही काय म्हणत होता? केळीच्या वाडीत, मिठागरात, होडीवर, विरार गाडीतल्या भजनात, पापडाच्या पाटावर. शब्द उतरवून घ्या, वर्ष घाला, कोणी म्हटले ते नाव घाला. बाजाराचा हजेरीपट बाजार ठेवील. आपला आपण ठेवला पाहिजे.