अनुभवाचा दाखला

(सुवर्णमहोत्सवी समारंभात मंडळाच्या आरोग्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गतकालाचे गोडवे गावेत, असा प्रघात आहे. आम्हांस मात्र आज एक ताजे दुखणे आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. ज्या मार्गावरील महाराष्ट्र सदनात आपण जमलो आहोत, तो पूर्वीचा कर्झन रोड. आता त्यास कस्तुरबांचे नाव आहे. बांनी देह ठेवला तो १९४४ साली आपल्या पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये, बंदिवासात असताना. सेवाग्रामचे रुग्णालय आणि तेथील परिचर्येचे शिक्षण त्यांच्याच नावाने चालते. तेव्हा या रस्त्यावर परिचारिकांचा विषय काढला, तर तो अस्थानी ठरू नये.

यवतमाळ जिल्ह्यातील एक मुलगी २०२० साली परिचर्येची पदविका घेऊन बाहेर पडली. जागतिक आरोग्य संघटनेने तेच वर्ष परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते! कोविड केंद्रात तिला काही महिन्यांचे कंत्राटी काम मिळाले. लोकांनी तिच्यासाठीही थाळ्या वाजविल्या. साथ ओसरली, केंद्र बंद झाले, काम संपले. २०२०-२१ मध्ये देशाचे उत्पन्न वाढण्याऐवजी घटले होते. नेहमीच्या शस्त्रक्रिया लांबणीवर पडून खासगी रुग्णालयांतील खाटा रिकाम्या राहिल्या होत्या, आणि पुढेही नवी माणसे घेताना व्यवस्थापनांचा हात आखडलेलाच राहिला. देशात परिचारिकांचा तुटवडा आहे असे आपण वाचतो. तुटवडा रुग्णांना जाणवतो. भरलेली पदे मात्र त्या मानाने वाढत नाहीत.

२०२२ च्या हिवाळ्यात ती दिल्लीस आली. एका खासगी रुग्णालयाने (नाव सांगत नाही) तिला घेण्याची तयारी दाखविली. अटी अशा : दोन वर्षांचा करार, मध्येच सोडल्यास दंड, आणि मूळ प्रमाणपत्रे कचेरीत जमा. रात्री दहा वाजता तिचा आम्हांस दूरध्वनी आला, "काका, सही करू का?" आम्ही रजईत बसून ठणकावून सांगितले, "मुळीच करू नकोस." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग एक तारखेला भाडं कुठून देऊ?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिने सही केली.

त्यानंतर आम्ही या विषयाची थोडी माहिती काढली. २०११-१२ मध्ये मुंबई, दिल्ली आणि केरळ येथील खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनी याच जाचाविरुद्ध संप केले. त्यांत केरळी भगिनी पुढे होत्या, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पुढे परिचारिकांच्या अखिल भारतीय संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने शिफारस केली की पन्नासाहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावे. दोनशेंहून अधिक खाटा असतील, तर वेतन सरकारी परिचारिकेइतके असावे. शिफारस चांगली होती. पण ती अमलात आणणे राज्यांवर सोपविलेले, आणि शिफारशीने घरभाडे भागत नाही.

मग शहाण्या मुली असल्या करारावर सह्या का करतात? केवळ गरजेपोटी, असे आम्ही समजत होतो. खरे कारण आम्हांस त्या मुलीनेच सांगितले. एम्सच्या परिचर्या अधिकारी पदासाठी २०२० पासून समाईक परीक्षा होते. त्या पदाचे मूळ वेतनच सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. पदवीधर मुलीस त्या परीक्षेला थेट बसता येते. पदविकाधारक मुलीस मात्र किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. दोन वर्षे! करारही दोन वर्षांचाच. रुग्णालय तिला हाती जे देते, त्याहून मोलाचा असतो तो दोन वर्षांनंतरचा दाखला. आणि तो देणाऱ्याच्याच हातात असल्यामुळे ती रात्रपाळीमागून रात्रपाळी निमूटपणे करते. अनुभवाची अट रुग्णांच्या हितासाठी आहे, तीस आमचा विरोध नाही. परंतु तिचा असा उपयोग होईल, हे अट घालणाऱ्यांच्या ध्यानात आले असेल काय?

तिची दोन वर्षे पुरी झाली. प्रमाणपत्रांसाठी तिला चार खेटे घालावे लागले. चौथ्या खेपेस आमचे एक वकील सभासद बरोबर गेले, आणि अर्ध्या तासात कागद मिळाले. त्या अर्ध्या तासाने आम्हांस जे शिकविले, ते पूर्वीच्या सगळ्या उपदेशात नव्हते. मुलीला एकटीने जावे लागू नये, एवढेच पुष्कळ वेळा पुरे असते.

म्हणून समितीची विनंती अशी. मुलाखतीसाठी वा परीक्षेसाठी महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलींना सभासदांच्या घरी तीन आठवडे राहण्याची सोय व्हावी. करारावर सही करण्यापूर्वी तो वाचून देणारे दोन वकील आपल्यात आहेत. त्यांनी होकार दिला आहे. पहिल्या महिन्याच्या भाड्यापुरता बिनव्याजी निधी सुवर्णमहोत्सवाच्या शिलकीतून वेगळा काढावा, हा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. काहींना ही रक्कम बुडीत वाटते. असेल, पण स्मरणिकेच्या गुळगुळीत कागदावर आपण त्याहून अधिक खर्च केला आहे.

ती मुलगी आज येथे नाही. परीक्षा जवळ आली आहे, आणि ती सध्या ज्यांच्याकडे राहते त्या वहिनींनी तिला अभ्यासातून उठू दिले नाही. सभागृहाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी एक खाट रिकामी असेल, त्यांनी जाताना तीत नाव आणि पत्ता लिहावा.