उतारावरचा गिअर



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या व्याख्यानमालेत आजवर डोक्याविषयी पुष्कळ बोलले गेले. मी आज पायांविषयी बोलणार आहे, आणि तेही मोटार हाकणाऱ्याच्या. विषय हलका वाटेल. पण घाट उतरताना तो हलका वाटत नाही.

चालती पी.एम.टी. पकडण्याची पुणेकरांची जुनी खोड येथे कामाला येईल. उभ्या माणसाने धावत्या बसची दांडी धरली तर खांद्याला हिसका बसतो. म्हणून तो आधी बसबरोबर चार पावले धावतो, आणि वेग जुळला की पायरीवर पाय ठेवतो. खालचा गिअर टाकण्याचे शास्त्र एवढेच आहे. समजा, चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २००० फेरे घेते आणि त्याच वेगाला तिसऱ्यात ३००० लागतात. क्लच दाबून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की इंजिनचे फेरे वाढायचे तर राहोच, उलट उतरतात. तशातच तिसरा टाकून क्लच सोडला की ती सगळी तूट चाकांना भरून द्यावी लागते. गाडी हिसका खाते, आणि रस्ता ओला असेल तर इंजिनला जोडलेली चाके घसरतात. हे टाळायचे तर क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायाने ॲक्सिलरेटरला एक टिचकी द्यावी, फेरे वर चढवावे आणि मग क्लच सोडावा. टिचकी किती द्यायची हे पुस्तकात लिहिता येत नाही. ते कान शिकवतो.

जुन्या लोकांना याहून अधिक करावे लागे. गिअरच्या दातांचा वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेशची रचना कॅडिलॅकने १९२८ साली आणली. आपल्याकडच्या फियाटला मात्र ती वरच्या तीन गिअरांपुरतीच होती, पहिल्याला नव्हती. दिवे घाट चढताना दुसऱ्यात गाडी दमली की चालत्या गाडीत पहिला टाकायचा म्हणजे डबल क्लच आलाच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून टिचकी, पुन्हा क्लच, मग पहिला. चुकले की गिअरपेटी अशी करकरे की मागच्या बाकावरच्या आत्याबाई देवाचे नाव घेत.

उतारावर अडचण निराळी असते. तेथे उजवा पाय ब्रेकवर गुंतलेला. टिचकी द्यायची कशाने? यावर तोड अशी, की पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून धरायचा आणि त्याच पायाची बाहेरची कड किंवा टाच ॲक्सिलरेटरवर टेकवायची. पायपेटी वाजवणाऱ्यांनी हसू नये, हे त्याहून कठीण आहे. कारण टिचकी देताना ब्रेकवरचा दाब तसूभरही हलता कामा नये. पुष्कळ गाड्यांत ब्रेकचे पेडल उंच असते आणि जोरात दाबल्यावरच ते ॲक्सिलरेटरच्या पातळीला येते, म्हणून हळू ब्रेक लावताना ही युक्ती साधतच नाही. कोल्हापुरी वहाण घालून तर प्रयत्नही करू नये.

खरे सांगायचे तर, घरच्या गाडीला या कसरतीचा अट्टाहास मला मान्य नाही. उतार सुरू होण्यापूर्वी, माथ्यावरच, वेग कमी करून खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरने घाट चढलो त्याच गिअरने उतरावे, हा ड्रायव्हर मंडळींचा नियम जास्त शहाणपणाचा आहे. टिचकी मात्र प्रत्येकाला यायला हवी.

का, ते हिशेबाने सांगतो. बोरघाटातून गाडीरस्ता निघाला १८३० साली; लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत तो पाचशे मीटरांहून अधिक खाली उतरतो. हजार किलोची मोटार पाचशे मीटर उतरली, की निघणाऱ्या उष्णतेत सुमारे सतरा लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीला येईल. म्हणजे घरचा एक बंब! हा सगळा बंब ब्रेकवर तापवायचा, की काही भार इंजिनवर टाकायचा? ब्रेक फार तापले की धरेनासे होतात, आणि आतले तेल उकळले तर पेडल पोकळ लागते.

हे लांबचे नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आपण सारे जाणतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका मालट्रकने तेथे अनेक वाहनांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे कारण त्या वेळच्या तपासात पुढे आले. चार पैशांचे डिझेल वाचवायला इंजिन बंद करणाराला हे ठाऊक नसते, की अवजड गाडीच्या ब्रेकची हवा भरणारा काँप्रेसर इंजिनवरच चालतो. इंजिन थांबले की हवेची टाकी फक्त रिकामी होत जाते.

मला ज्या वस्तादाने शिकवले, त्याने पहिले आठ दिवस गाडी हलूच दिली नाही. इंजिन बंद, गाडी झाडाखाली उभी, आणि मी क्लच, न्यूट्रल, टिचकी, क्लच करीत घामाघूम. नवव्या दिवशी त्याने किल्ली दिली आणि सांगितले, "आता काट्याकडे बघू नका, साहेब. ऐका."