इतिहास लिहिणारे आणि खेळ मांडणारे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या जागेवरून आजवर डॉक्टरीणबाई बोलल्या, वकीलबाई बोलल्या. मी सातवी शिकलेली. चिटणीसबाईंनी माझे नाव घातले तेव्हा मी म्हटले, माझ्यापाशी सांगण्यासारखे काय आहे? पण मला माणसांना प्रश्न विचारण्याची खोड आहे, आणि गेल्या वर्षभरात मी दोघांना पुष्कळ विचारले. एक आमच्या आळीतले निवृत्त मास्तर. ते आपल्या शहराचा इतिहास लिहीत आहेत. दुसरा माझा पुतण्या. तो पटावरचे खेळ तयार करतो, सोंगट्या कातून घेतो, पट कापडावर छापून घेतो आणि प्रदर्शनात विकतो. दोघांचेही काम जुन्या गोष्टींचे, पण दोघांचे एकमेकांशी पटत नाही. त्यांच्यापुढे चहा ठेवता ठेवता जे कानी पडले ते सांगते.

वाद लागला तो मोक्षपटावरून. आपली सापशिडी म्हणजे मूळचा मोक्षपट किंवा ज्ञानचौपट, हे आता बहुतेकींना ठाऊक असेल. एकेका घरात दया, लोभ, भक्ती, मत्सर असे काही लिहिलेले. शिडीने वर जायचे, सापाच्या तोंडातून खाली यायचे. जैनांचा पट 84 घरांचा असे, वैष्णवांचा 72 घरांचाही असे. हाच खेळ 1892 च्या सुमारास इंग्लंडात विकायला आला आणि पुढे नुसत्या आकड्यांचा होऊन बसला. पुतण्याने जुन्या धर्तीचा पट काढला आणि पेटीवर छापायचे ठरवले, 'संत ज्ञानेश्वरांनी रचलेला खेळ'.

मास्तर म्हणाले, "पुरावा दाखव."

पुतण्या म्हणाला, "सगळेच तसे सांगतात."

मास्तरांनी मग त्याला हिशेब मांडून दाखवला. ज्ञानेश्वरी झाली 1290 साली, नेवाश्याला. कोपनहेगनच्या विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसन नावाच्या अभ्यासकाने 2019 साली याच खेळावर प्रबंध लिहिला. त्यात अभ्यासलेले आपल्या पश्चिम हिंदुस्थानातले पट अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. मधली चार-पाचशे वर्षे कशाने भरायची? "माउलींनी केला नाही असे मी म्हणत नाही. केला असे लिहायला माझ्याजवळ कागद नाही," असे ते म्हणाले.

पुतण्या रागावला. तुम्हाला पुस्तक विकायचे नाही, मला पेटी विकायची आहे, नावावरच लोक घेतात, असे त्याचे म्हणणे. भगिनींनो, यात त्याच्या पोटाचा प्रश्न होता, हे मी नाकारत नाही. कापडाचे, छपाईचे, सुताराचे पैसे त्याने उसने आणले होते. पण मला विचाराल तर माउलींना आपल्या पेटीची गरज नाही. अखेर पेटीवर 'अशी परंपरा आहे' एवढे शब्द वाढले. अक्षर बारीक करावे लागले म्हणून तो दोन दिवस कुरकुरत होता.

त्याचा दुसरा खेळ आपल्या शहराचा आहे. 1610 साली मलिक अंबराने खडकीला शहर वसवले आणि डोंगराकडचे पाणी नहरीने आत आणले. खेळात नहर खणत खणत पाणी शहरात आणायचे. या खेळावर बोलताना त्याने एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. तो म्हणाला, "काकू, मास्तरांना माहीत नसेल तिथे ते जागा कोरी ठेवू शकतात. मला नाही ठेवता येत. सोंगटी ज्या घरात पडेल त्या घरात काहीतरी घडलेच पाहिजे." मास्तर हे ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "तर मग ज्या घरात तू मनाचे घालशील तिथे निराळा रंग दे." आता त्याच्या पटावर माहितीची घरे तांबडी आहेत आणि कल्पनेची पिवळी. माती वाहणाऱ्या बायकांचे घर पिवळे आहे. नहर खणली तेव्हा माती कुणी वाहिलीच असेल, पण त्यांत बायका किती आणि त्या कोण, हे काही लिहून ठेवलेले नाही.

खेळ हा पोरकटपणा, त्याचा कसला इतिहास, असे म्हणणाऱ्यांना मी वेरूळ दाखवीन. आपण सहलीला गेलो तेव्हा कैलास लेणे पाहून दमलो आणि परतलो. पुन्हा जाल तेव्हा 21 क्रमांकाचे रामेश्वर लेणे पाहा. शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत, खाली नंदी आणि गण आहेत. 14 आणि 29 क्रमांकांच्या लेण्यांतही हाच प्रसंग कोरला आहे. ज्या कारागिरांनी देवांना खेळताना दाखवले त्यांच्या घरी पट नसेल का? कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात 'मानसोल्लास' ग्रंथात खेळांना मोठी जागा दिली. आणि आपल्याच औरंगाबादचे हरिकृष्ण शास्त्री यांनी 1871 साली संस्कृतात 'क्रीडाकौशल्य' लिहिले, त्यात बुद्धिबळासारखे पटावरचे खेळ नियमांसह मांडले. हे मास्तरांनी सांगितले तेव्हा मला फार आनंद झाला. 'पोबारा करणे' असे आपण म्हणतो तेही सारीपाटातल्या पौ-बारा या दानावरून आले, हेही त्यांचेच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांबद्दलही ते बोलले. 120 गोल पाने, दहा अवतारांची बारा-बारा. पण तो निराळा विषय, पुन्हा कधीतरी.

मी मास्तरांना विचारले, या सगळ्यांत बायकांचे खेळ कुठे आहेत? त्यांनी डॉ. सरोजिनी बाबर यांचे नाव घेतले. त्यांनी गावोगावची लोकगीते आणि बायकांचे खेळ छापून आणले म्हणून ते टिकले. पण आपल्या मराठवाड्यातले, आपापल्या घरातले अजून कितीतरी तसेच राहिले आहे. मग मी पुतण्याला विचारले, "तू एवढे खेळ धुंडाळतोस, आपल्या आजीला कधी विचारलेस?"

माझ्या सासूबाई 86 वर्षांच्या आहेत. त्या अष्टाचंग खेळत. पाच बाय पाच घरे खडूने काढायची, चार कवड्या टाकायच्या. चारही उताण्या पडल्या तर चंग, चारही पालथ्या पडल्या तर अष्टा. फुलीच्या घरात मरण नाही. दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. इतके पुष्कळांना ठाऊक आहे. पण सासूबाईंच्या माहेरी आणखी एक रीत होती. समोरासमोर बसलेल्या दोघी एकीकडच्या, आणि जिच्या सोंगट्या आधी पिकतील तिने आपले दान समोरचीला द्यायचे. जिंकून उठून जायचे नाही. ही रीत पुतण्याला कुठल्याच पुस्तकात सापडलेली नाही. त्याने विचारले, "आजी, असा तर खेळ फार लांबतो, थोडा आटोपता करू का?" सासूबाई म्हणाल्या, "घाई आहे तर खेळता कशाला?"

हल्ली त्यांना सकाळचे संध्याकाळी आठवत नाही, पण हाती कवड्या दिल्या की रीत आठवते. मास्तर म्हणाले, त्यांचे नाव, गाव, वय आणि सांगितल्याची तारीख घालून लिहून ठेवा, तोही कागदच. तेव्हापासून मी दुपारी वही घेऊन बसते. त्या खेळतात आणि मी लिहिते. मध्येच त्या माझी सोंगटी मारतात, ते निराळे.

ती वही आता मंडळाच्या कपाटात आहे. आपल्यापैकी जिच्या घरी कुणी वडीलधारी असेल तिने विचारून यावे. लिहिणे जमत नसेल तिने नुसते सांगावे, मी लिहून घेईन. दर बुधवारी भजनानंतर मी थांबते. अष्टाचंगाची चार पाने झाली आहेत, सागरगोट्यांची दोन. काचापाण्याच्या पानावर अजून मथळ्याखेरीज काही नाही.