पाण्याचं भांडण, घोड्यावरून


वेस्टर्न म्हटलं की आठवतात घोडे, बंदुका आणि धुरळा.
'शोले'मुळे तो थाट आपल्या ओळखीचा.

आज मात्र थोडा मागे पडलेला एक वेस्टर्न.
'द बिग कंट्री'.
साल 1958, दिग्दर्शक विल्यम वायलर.

यातलं भांडण सोन्याचं नाही.
पाण्याचं आहे.
गुरं पाळणारी दोन घराणी, आणि मधे एक नदी.
नदीकाठची जमीन एका शिक्षिकेची.
ती दोघांच्याही गुरांना पाणी देते.
तरी वैर धुमसतंच.

आपल्याकडेही पाण्याची हीच ओढ. नांदेडच्या उशाशी गोदावरी आहे.
पण शेजारच्या लातूरला 2016 साली पाणी आलं ते मिरजेहून, रेल्वेनं.
लातूरकरांना ही गोष्ट वेगळी समजवायला नको!

एक प्रसंग जरूर बघा.
अंधुक उजेडात ग्रेगरी पेक आणि चार्ल्टन हेस्टन मारामारी करतात.
कॅमेरा लांब जातो.
माणसं मुंगीएवढी होतात.
माळ मात्र संपत नाही.
शेवटी दोघंही दमतात.
पेक विचारतो, यातून सिद्ध काय झालं?

पुन्हा सांगते.
बंदुकीकडे कमी, पाण्याकडे जास्त बघा.
आणि बर्ल आइव्ह्ज चुकवू नका.
यातल्या रांगड्या म्हाताऱ्याच्या भूमिकेनं त्याला ऑस्कर मिळवून दिलं.