स्वभावाला औषध नाही?



'स्वभावाला औषध नाही' ही म्हण घराघरांतून सहज उच्चारली जाते. मुलाचे शिक्षण, मुलीचे स्थळ, दुकानाची जबाबदारी असे मोठे निर्णय या एका समजुतीवर घेतले जातात. 'तो तापटच', 'ती भित्रीच' असा शिक्का एकदा बसला की जन्मभर पुसला जात नाही. म्हणून मानसशास्त्र याविषयी काय सांगते, हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

माणसाला जे महत्त्वाचे वाटते, त्यासाठी भाषा शब्द घडवते. मराठीतच पाहा : मनमिळाऊ, भिडस्त, तापट, टापटिपीचा, वेंधळा, घुमा, हळवा. याच विचाराने १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. त्यांतील सुमारे ४,५०० शब्द स्थिर स्वभावगुणांचे होते. पुढील संशोधकांनी परस्परांशी जुळणारे गुण संख्याशास्त्राच्या साहाय्याने एकत्र आणले, तेव्हा पाच मोठे गट हाती आले. १९८१ मध्ये लुईस गोल्डबर्ग यांनी त्यांना 'बिग फाइव्ह' असे संबोधले.

पहिला गुण नावीन्याची ओढ. कळमेश्वर परिसरातील एखादा संत्रा बागाईतदार नवी पद्धत लगेच करून पाहतो, तर दुसरा वडिलांची रीत सोडत नाही. दुसरा गुण कर्तव्यदक्षता. रोजचा हिशेब रोज लिहिणाऱ्याच्या ठायी तो दिसतो. तिसरा बहिर्मुखता, म्हणजे चारचौघांत खुलणे. चौथा सौहार्द, म्हणजे दुसऱ्याला समजून घेण्याची वृत्ती. पाचवा चिंताप्रवणता, म्हणजे लहानशा कारणाने मन अस्वस्थ होणे.

हे पाच गुण प्रत्येकात असतात. फरक असतो तो प्रमाणाचा. बहुतेक माणसे दोन टोकांच्या मधेच आढळतात. शिवाय कोणतेही टोक सर्वस्वी चांगले वा वाईट नसते. अबोल मुलगा गल्ल्यावर कदाचित रमणार नाही, पण तोच एकाग्रतेने अभ्यासात वा हिशेबात पुढे जाऊ शकतो. अति सौहार्दापायी उधारी मागण्याचेही धैर्य होत नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतील स्वभावभेदाचा जवळजवळ निम्मा भाग आनुवंशिकतेशी निगडित असल्याचे दिसते. म्हणजे म्हण निराधार नाही. परंतु वयानुसार सामान्यतः कर्तव्यदक्षता व सौहार्द वाढते, चिंताप्रवणता घटते. २०१७ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मानसोपचारासारख्या प्रयत्नांनी काही महिन्यांतही स्वभावगुणांत बदल घडतो, विशेषतः भावनिक स्थैर्य वाढते, असे आढळले.

जैन परंपरेतील जंबूवृक्षाचा दृष्टांत सर्वांना परिचित आहे. भूक सहाही जणांची सारखीच. परंतु एक झाड मुळापासून तोडू पाहतो, तर शेवटचा खाली पडलेली फळे वेचतो. लेश्यांचा हा विचार आणि आधुनिक मानसशास्त्र यांचे मार्ग निराळे आहेत. एक साधना सांगतो, दुसरे मोजमाप करते. तरीही वृत्तीला पायऱ्या असतात, हे दोन्हींतून उमगते.

तेव्हा 'तापटच' यातील 'च' तेवढा गळाला, तरी घरातील एका माणसाला बदलण्यास वाव मिळेल. स्वभावाला एका मात्रेचे औषध नसेल. पण पथ्य निश्चित आहे, आणि ते नित्य पाळावे लागते.