मुलांना आपलं राज्य आणि आपलं शहर शिकवूया



मी मीरा रोडला सहावी ते दहावीच्या मुलांना इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. आज तुमच्याकडे एक मागणी घेऊन आले आहे. तुमच्यापैकी प्रत्येकानं आपल्या इमारतीतल्या, मोहल्ल्यातल्या चार-पाच मुलांना हा विषय शिकवावा. कशासाठी, ते सांगते.

दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा पेपर असतो. पालक म्हणतात, गणित-विज्ञान सांभाळा, हे आदल्या रात्री पाठ होईल. पाठ होतंही. पण तेच मूल मोठं झाल्यावर तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन आमदाराकडे जातं आणि रेशनकार्डासाठी नगरसेवकाच्या मागे फिरतं. गटार महापालिकेचं आणि रेशनकार्ड राज्याच्या शिधावाटप कार्यालयाचं, हे परीक्षेत लिहिलेलं असतं, पण गरजेच्या वेळी आठवत नाही. मग मध्यस्थाशिवाय पान हलत नाही.

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासन संस्थांचे धडे आहेत. मुलांना ते कंटाळवाणे वाटतात. मी त्यांना सांगते, हे धडे आपल्या शहरानंच जगून दाखवले आहेत. इथे आधी ग्रामपंचायती होत्या. भाईंदर, मीरा, घोडबंदर, काशी आणि नवघर या पाच ग्रामपंचायती एकत्र करून १२ जून १९८५ रोजी नगरपरिषद झाली. पुढे उत्तन, डोंगरीसारखी गावंही तिच्यात आली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. म्हणजे ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका ही तिन्ही रूपं पाहिलेली माणसं आजही आपल्या शेजारी राहतात. मुलांना त्यांच्याकडे पाठवा. पाणी तेव्हा कुठून यायचं, सरपंच कसा निवडला जायचा, कर किती होता, हे विचारू द्या.

आता दुसरी गोष्ट. २०१७ मध्ये निवडून आलेल्या ९५ नगरसेवकांची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात होते, म्हणून राज्यभर निवडणुका लांबल्या. आपल्या पालिकेचा कारभार प्रशासकाकडे गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं. जून २०२२ मध्ये सहावीत बसलेलं मूल तोवर नववीत पोहोचलं होतं. नगरसेवक काय करतो हे ते शिकलं, पण त्या सगळ्या काळात त्याच्या प्रभागाला नगरसेवकच नव्हता. एवढी वर्षं महासभा निवडलेल्या सदस्यांविना राहिली. तरी घराघरांत त्याची फारशी चर्चा झाली नाही. हा विषय पाठांतरापुरता ठेवला, की काय हरवलंय हेसुद्धा कळत नाही.

इतिहासाचंही तेच आहे. २०२५ मध्ये मीरा रोडला भाषेवरून एका दुकानदाराला मारहाण झाली, व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, नंतर मराठीसाठी मोर्चा निघाला. त्या दिवसांत आपली मुलं दोन्हीकडून प्रश्न ऐकत होती. रत्नागिरी, रायगड, सोलापूर, मराठवाड्यातून आलेल्या घरांतल्या मुलांनाही लोक विचारत होते, ‘तुम्ही मराठी कसे?’

याचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते शांतपणे देता येतं. हे राज्य १ मे १९६० रोजी झालं, ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांच्या सोबत ज्यांच्या आवाजानं तो लढा गिरणगावात आणि गावोगाव पोचवला ते शाहीर अमर शेख बार्शीचे, मूळ नाव महेबूब. जून १९८० ते जानेवारी १९८२ या काळात मुख्यमंत्री असलेले बॅ. अ. र. अंतुले रायगडमधल्या आंबेतचे. त्यांच्याच काळात, १ मे १९८१ रोजी, सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे झाले. जिल्हा निर्माण करण्याचा अधिकार राज्य शासनाचा, हा नागरिकशास्त्राचा मुद्दाही तिथेच शिकवून होतो. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि आपण ठाण्यात राहिलो, हे त्याला जोडून सांगा.

चौथीत मुलं शिवछत्रपती शिकतात. अफजलखानाचा पाठ आला की वर्गात काही माना आपल्या मुलाकडे वळतात. त्या मुलाला हेही ठाऊक हवं, की महाराजांच्या आरमारात दौलतखान होता आणि १६६५ च्या पुरंदरच्या तहाच्या वेळी औरंगजेबाच्या फौजेचे सेनापती मिर्झाराजे जयसिंग होते. हे माहीत असलेलं मूल मान खाली घालत नाही आणि भांडतही नाही. पुरावा काय सांगतो, एवढंच ते बोलतं.

शिकवायचं कसं? घरातले तीन कागद घ्या: मालमत्ता कराचं बिल, रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र. प्रत्येक कागद कोणत्या कार्यालयातून आला, तिथला प्रमुख कोण, त्याला कोण निवडतं किंवा नेमतं, हे मुलांना शोधू द्या. आपल्या शहराचा काही भाग मीरा-भाईंदर विधानसभेत आणि काही ओवळा-माजिवडा विधानसभेत येतो. आपला कोणता, ते त्यांनीच पाहावं. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं. जन्मदाखल्याचा एक अर्ज मुलांसमोर भरा, पोच घ्या आणि मुदतीची तारीख त्यांना वहीत लिहायला सांगा.

आणि हे सगळं मराठीत करा. अर्ज, पोच, अपील, प्रभाग, महासभा हे शब्द मुलांच्या तोंडी बसू द्या. कार्यालयाच्या खिडकीवर तेच कामी येतात.

रविवारची दोन तास पुरतात. जागा नसेल तर सोसायटीचं कार्यालय मागा, इमारतीची गच्ची वापरा. आज सभागृहाबाहेर जाण्यापूर्वी पहिल्या पाच मुलांची नावं मनात ठरवा.