मोतीला घेऊन भीमेकाठी

कुत्रा बरोबर असला की कुठल्याही ऐतिहासिक ठिकाणाचे दोन भाग पडतात, आतला आणि बाहेरचा. आतल्या भागाबद्दल आपण पुस्तकात वाचलेलं असतं. बाहेरच्या भागाकडे, म्हणजे कमान, पार, चहाची टपरी, नारळवाला यांच्याकडे, एरवी आपण नीट बघतही नाही. आमच्या घरात आम्ही दोघं आणि मोती नावाचा गावठी कुत्रा. एकानं आत जायचं, दुसऱ्यानं मोतीला धरून बाहेर थांबायचं, मग पाळी बदलायची. नियमही तसाच आहे. शनिवारवाडा, शिवनेरी, कार्ल्याची लेणी या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये प्राणी नेता येत नाही. १९५९ सालच्या नियमांतच तसं म्हटलंय. तेव्हा दारावरच्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. रेल्वेचंही तसंच. पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे राखून ठेवला तरच कुत्रा शेजारी बसतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. म्हणून आपली गाडी बरी.

मोठी ठिकाणं सोडून आम्ही अलीकडे भीमेकाठची गावं धरली आहेत. पुण्याहून नगर रस्त्यानं तीसेक किलोमीटरवर पेरणे फाटा, मग नदीवरचा पूल आणि पलीकडे कोरेगाव भीमा. रस्ता मात्र अवघड. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांचे ट्रक अखंड धावत असतात. पट्टा मनगटाला गुंडाळल्याशिवाय गाडीचं दार उघडायचं नाही.

पेरणे फाट्याचा जयस्तंभ सर्वांना ठाऊक आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालच्या आठेकशे सैनिकांनी दुसऱ्या बाजीरावाच्या मोठ्या फौजेला दिवसभर थोपवून धरलं. त्या सैनिकांत महारांची संख्या मोठी होती. स्तंभाची पायाभरणी १८२१ सालची. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर इथं आले, आणि तीन महिन्यांच्या आत, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं. त्या तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्यामांजरांना कुणी अडवत नव्हतं. अडवत होते ते माणसांना. हे ज्याला ठाऊक आहे त्यानं कुत्र्याचा पट्टा धरून या स्तंभाकडे जाताना दोनदा विचार करावा, असं मला वाटतं. तिथं पाटी असो वा नसो. मोती लांब झाडाखालीच थांबतो. १ जानेवारीला तर त्याला न्यायचंच नाही. त्या दिवशी लाखो लोक येतात, आणि २०१८ साली त्याच दिवशी परिसरात झालेला हिंसाचार, त्यात गेलेला एक जीव, हे कुणी विसरलेलं नाही.

एरवीच्या दिवशी झाडाखाली बसणारा काही तोट्यात नसतो. एकदा मी तिथं बसलो होतो. मराठवाड्याकडच्या एक आजी दर्शन घेऊन आल्या. "चावतंय का रं लेकरा, ह्ये?" नाही म्हटल्यावर खाली बसल्या, फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी मोतीपुढे टाकली. म्हणाल्या, "आमचं सासरं पायी यायचे इथं. मी आता लेकाच्या गाडीत येते." पुढे अर्धा तास सासऱ्यांच्या त्या वाटेची हकिगत चालली होती. आत गेलेल्या आमच्या मंडळींना यातलं काहीच मिळालं नाही.

कोरेगावहून वढू बुद्रुक जवळच आहे. तिथं संभाजीमहाराजांची समाधी. पुन्हा तेच, पाळीपाळीनं. महाराजांना ११ मार्च १६८९ रोजी मारलं गेलं ते तुळापूरला. भीमा, भामा आणि इंद्रायणी जिथं मिळतात ते हे गाव, फुलगावमार्गे जाता येतं. देवळापासून थोडं अंतर ठेवून नदीकाठानं हिंडायला कुत्र्याला यासारखी जागा नाही. पाणी मात्र त्याला नदीचं पाजू नये. जलपर्णी बघितली तरी कारण कळतं. घरची बाटली आणि एक वाडगं बरोबर असावं.

तुळापूरला मला हटकून आठवतो तो महाराजांचा मुलगा, शाहू. वडील गेले त्याच वर्षी तो मोगलांच्या कैदेत पडला, सुटला १७०७ साली. या शाहूमहाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. शिकारीत त्यानं वाघापासून धन्याचा जीव वाचवला असं सांगतात. महाराजांनी कुत्र्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, असं ग्रँट डफनं आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलंय, पण वेडेपणाचा चाळा म्हणून. मला ते पटत नाही. सबंध पोरपण शत्रूच्या छावणीत काढलेल्या माणसाला निष्ठेची किंमत डफपेक्षा जास्त कळत असणार. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णाकाठी खंड्याची समाधी दाखवतात. मोतीला घेऊन तिथं एकदा जायचंय.

आता वाघाचं नाव निघालंच आहे तर बिबट्याचंही सांगतो. शिरूर, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यात उसात बिबटे राहतात. कुत्रं हे त्यांचं आवडतं खाणं. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. आणि गोष्ट कुत्र्यांवर थांबत नाही. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. शहरातून सहलीला आलेल्यांना संध्याकाळचा हिरवागार ऊस छान दिसतो. तिथल्या आईबापांना तो कसा दिसत असेल?

म्हणून आमचा शिरस्ता ठरलेला आहे. उसाच्या बांधावर कुत्रा मोकळा सोडायचा नाही. शेतात मेंढरांचा वाडा बसला असेल तर लांबून वळसा घालायचा, कारण राखणीची कुत्री परक्याला ओळख विचारत नाहीत. रेबीजची लस दरवर्षी, कार्ड गाडीत. दुपारी बारा ते चार सावलीत. आणि दिवस मावळायच्या आत मोती मागच्या सीटवर, काचा वर, गाडी नगर रस्त्याला.